सकिजांगचं सेंट जॉन झालं

खरं तर मी एकटीच जाणार होते. तीन वर्षं सिंगापूरमध्ये राहूनही दक्षिणेकडची बेटं पाहिली नव्हती, आणि ‘अजून गेली नाहीस?’ हे ऐकून कंटाळा आला होता. शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बोटीच्या वेळापत्रकाचा कागद पसरून बसले होते. समोर आतोक चहा पीत होते.

आतोक म्हणजे मलायमध्ये आजोबा. क्लेमेंटीत ज्या कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये मी एक खोली भाड्याने घेऊन राहत होते, त्या घरातले हे सर्वांत मोठे. वय पंच्याहत्तरच्या पुढे, गुडघे गेलेले, मशीद आणि खालचा बाकडा सोडून कुठे जात नसत. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला, बेटाचं नाव वाचलं आणि म्हणाले, “सेंट जॉन. उद्या मीही येतो.”

त्यांच्या मुलीला, काक रोहानाला, हे मुळीच पटलं नाही. (काक म्हणजे ताई.) “बाबा, बाजारापर्यंत जाताना तुम्हाला दोनदा बसावं लागतं!” पण ते ऐकेनात. शेवटी त्यांच्यावर लक्ष ठेवायला नात बरोबर द्यायची असं ठरलं. नादिया एकोणीस वर्षांची, पॉलिटेक्निकला शिकते. शनिवार वाया गेला म्हणून तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

जाणाऱ्यांसाठी: क्लेमेंटीहून एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, निघायचं, मध्ये एकदा गाडी बदलायची, शेवटच्या स्टेशनावर उतरलं की बोटीचा धक्का समोरच आहे. जाऊन-येऊन तिकीट पंधरा डॉलरच्या आसपास. बेटावर दुकान नाही, खानावळ नाही. पाणी, टोपी, डासांचं मलम आणि जेवण घेऊनच जा. मी चपात्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती, नादियाने मार्केटमधून नासी लमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या, पुड्या.

आभाळ सकाळपासून राखाडी होतं. पाऊस नाही, ऊनही नाही, नुसता उकाडा. धक्क्यावर मी आतोकना हात द्यायला पुढे झाले, तर त्यांनी काठी नादियाकडे दिली आणि हलत्या बोटीत सरळ पाय टाकला. घराच्या उंबऱ्याशी अडखळणारा माणूस! वाटेत दोन्ही बाजूंना मालवाहू जहाजं नांगर टाकून उभी होती, इतकी की समुद्र म्हणजे वाहनतळच वाटावा. आतोक एकदा पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, “वळलं.” भरती संपून ओहोटी लागली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला पाणी पाण्यासारखंच दिसलं.

सेंट जॉनवर उतरलं की मोठमोठी झाडं, सिमेंटची स्वच्छ वाट, मांजरं. फोटोंसाठी छान जागा आहे, आणि तरी मला तिथे प्रसन्न वाटलं नाही. इंग्रजांच्या काळी साथीच्या रोगाचे प्रवासी इथे अडकवून ठेवत, नंतर तुरुंग होता. त्यातले काही आपल्याकडून आलेले मजूरही असणार. वाटेवर माहितीचा फलक आहे. मी वाचू लागले: इंग्रज कंपनीचा साहेब आधी या बेटाजवळ जहाज थांबवून होता, मग पलीकडे मुख्य बेटावर उतरला, वगैरे.

“मोठ्याने वाच,” आतोक म्हणाले.

मी वाचलं. ते म्हणाले, “आम्ही याला सकिजांग म्हणायचो. साहेबाने विचारलं, बेटाचं नाव काय? आमच्या माणसाने सांगितलं सकिजांग. साहेबाने लिहिलं सेंट जॉन.”

“म्हणजे इथे कोणी संत नव्हताच?” मी हसले. ते हसले नाहीत.

नादिया मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, “आमच्या माणसाने म्हणजे?”

आतोक चालायला लागले. बेटाच्या पश्चिमेच्या टोकाला एक बाकडा आहे. तिथून समोर दुसरं एक बेट दिसतं: तेलाच्या पांढऱ्या टाक्या, चिमणी, चिमणीच्या टोकाला जाळ. त्या बेटावर कोणाला उतरू देत नाहीत. आतोक तिकडे तोंड करून बसले.

“ते आमचं,” ते म्हणाले. “टाक्यांच्या डावीकडे खडक होते. आमची घरं खांबांवर, पाण्यात. त्याच्याही आधी आजीचे लोक होडीतच जन्मायचे, होडीतच मरायचे. ओरांग लाउत.”

ओरांग लाउत म्हणजे समुद्राची माणसं. नादिया उठून उभी राहिली. “आतोक, आपण मलाय आहोत लाह! आयसीवर लिहिलंय.” (आयसी म्हणजे सरकारी ओळखपत्र.)

“लिहिलंय, कारण मी लिहायला सांगितलं.”

मग ते बराच वेळ सांगत राहिले, थोडं इंग्रजीत, थोडं मलायमध्ये. अडेल तिथे नादिया मला अर्थ सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज बदलत गेला. इंग्रज आले तेव्हा त्यांनी कागद केले ते जमिनीवरच्या सरदारांशी. होडीतल्यांना कोणी विचारलं नाही. त्यांना वाट दाखवायला, जहाजांना पाणी पोचवायला घेतलं, आणि नदीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना तिथून हलवलं. किनाऱ्यावरचे मलाय त्यांना हलकं समजत, त्यांच्या हातचं खात नसत. आतोक सोळाव्या वर्षी इंग्रजांच्या गोदीत लागले. जहाजांच्या तळाला लागलेले शंख खरवडायचं काम. “गोरा साहेब मला ‘बॉय’ म्हणायचा. शेजारी काम करणारा मलाय मला ‘लाउत’ म्हणायचा आणि थुंकायचा. साहेबाची हाक मला बरी वाटायची.”

“बाहेरचं कोणी तुमच्याकडे यायचं का?” मी विचारलं.

“एक फ्रेंच पाद्री यायचा. पांढरा झगा, लाल दाढी. माझ्या बहिणीच्या पायाला जखम झाली होती, ती त्याने बरी केली. आजी मात्र म्हणायची, औषध घ्या, बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडू देऊ नका. तो जवळ वही ठेवायचा. माशाला काय म्हणता, वाऱ्याला काय म्हणता, विचारून लिहायचा. इंग्रजाला आमचे शब्द नको होते, याला हवे होते. एक दिवस तो आपल्या देशी परत गेला. वही घेऊन.” मग म्हणाले, “मला आता त्यातले दहाबारा शब्द येत असतील. माझ्या मुलीला एकही नाही.”

इंग्रज गेले, पुढे बेट रिकामं करायचं ठरलं, लोकांना फ्लॅट मिळाले. फॉर्मवर वंशाचा रकाना होता. आईने त्यांना आधीच बजावलं होतं: तोंड उघडायचं नाही. लग्न ठरलं तेव्हाही ते काही बोलले नाहीत. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं.

“मग आज का सांगितलंत?” नादियाने विचारलं. ती रडत होती, पण रागाने.

“आज ते दिसलं,” त्यांनी टाक्यांकडे बोट केलं.

ती उठून दूर जाऊन उभी राहिली. नासी लमाकच्या पुड्या तशाच राहिल्या. मी आतोकशेजारी बसले होते आणि मला घर आठवत होतं. आमच्याकडे इंग्रजांचं नाव वेगळ्याच सुरात निघतं. खापरपणजोबांना पलटणीत घेतलं, पायात बूट दिले, अक्षर शिकवलं, ते इंग्रजांनीच. पुढे आमच्या लोकांची भरती बंद केली, तीही त्यांनीच. पहिली गोष्ट घरात शंभरदा ऐकली, दुसरी मी मोठी झाल्यावर वाचली. आणि पुण्यात भाड्याच्या घराच्या पाटीवर वडिलांनी आडनाव लावलं नाही. ‘सुजाता विनायक’ एवढंच सांगायचं, असं मला शिकवलं होतं. आम्ही बौद्ध. इथल्या मराठी मंडळींत तीन वर्षं मी विनायकच आहे.

हे मी आतोकना सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझे बाबा अजून आहेत?”

“आहेत.”

“त्यांना झोप लागते?”



परतीच्या बोटीत नादिया एकटी पुढे बसली. (शेवटची बोट दुपारीच सुटते, वेळ तपासून जा.)  रात्री भिंतीपलीकडून काक रोहानाचा आवाज येत होता. आधी मोठा, मग अगदी बारीक.

दोन दिवसांनी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. “सुजाता, तू चांगली मुलगी आहेस. पण महिनाअखेर दुसरी खोली बघ.”

“काक, मी त्यांना काही विचारायला नेलं नव्हतं. ते स्वतःहून...”

“माहीत आहे. पण माझ्या नवऱ्याकडच्यांना कळलं तर? नादियाचं लग्न व्हायचंय. तू पाहुणी, उद्या निघून जाशील. आम्ही कुठे जायचं?”

तिच्यावर रागावता येईना. हेच वाक्य माझ्या आईच्या तोंडून मी ऐकलं आहे. निघायच्या दिवशी आतोक खोलीत होते. दार लोटलेलं होतं. मी बाहेरून सलाम म्हटलं, आतून सलाम आला, एवढंच. नादिया बॅगा लिफ्टपर्यंत घेऊन आली. “मी नेटवर शोधतेय,” ती म्हणाली. “सगळं परदेशी लोकांनीच लिहिलंय, यू नो?” मग लिफ्ट आली.

बेटं कशी आहेत, असं विचारणाऱ्यांना मी सांगते: सुंदर आहेत, जरूर जा. बाकीचं सांगायला जमत नाही, म्हणून हे लिहिलं.

आणखी एक गोष्ट. तात्पुरती एका ठिकाणी राहून मी अजून खोली शोधतेच आहे; मागच्या रविवारी तोआ पायोह भागात एक बघायला गेले होते. पुण्याचं कुटुंब, नवरा आयटीत, घर नीटनेटकं. ताईंनी चहा ठेवला, खोली दाखवली, गॅस वापरू देईन म्हणाल्या. मग सहज विचारलं, “विनायक हे आडनाव नसेल ना? पूर्ण नाव काय तुमचं?”

मी पूर्ण नाव सांगितलं. बौद्ध आहोत, हेही सांगितलं. 

“अच्छा अच्छा,” त्या म्हणाल्या. “आम्ही तसलं काही मानत नाही हं. ह्यांच्याशी बोलून कळवते.”

चहा पिऊन मी खाली आले आणि बसथांब्यावर बसून बाबांना फोन लावला. काय झालं ते सांगितलं.  मग बाबा म्हणाले, “खोली गेली की मग.”

“गेली,” मी म्हटलं.

“दुसरी बघ,” ते म्हणाले. “आणि हेच नाव सांग.”