नवऱ्याचं नाव, शून्य गुण

लालबागच्या एका चाळीत आम्ही कॉलेजची मुलं म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायला गेलो होतो. फॉर्म फार विद्वान माणसांनी केलेला असावा, कारण त्यात गेंड्याचं चित्र ओळखायचं होतं. नऊवारीतल्या एका आजींनी ते लांब धरून बघितलं. "ह्या म्हशीक काय झाला?"

शून्य.

शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. गुण कमी पडले तर तो आईला यापुढे एकटीला बाजारात सोडणार नव्हता.

"नवऱ्याचं नाव?" मी चाचरत विचारलं. आजींनी पदर सारखा केला आणि मान दुसरीकडे वळवली.

"बघा, बाबांचं नावपण गेलं," मुलगा म्हणाला.

"गेला नाय रे मेल्या! पन्नास वर्सां तोंडातून काढूक नाय, आता ह्याच्या कागदासाठी काढू?"

फॉर्मवर दोनच चौकोन होते, 'सांगितलं' आणि 'आठवत नाही'. नाव न घेणाऱ्या बायका त्या विद्वानांच्या घरी नसाव्यात. माझ्या घरी आहे, माझी आई. कॉलेजात हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी पेनाने तिसरा चौकोन काढला. 'आठवतं, सांगणार नाहीत.' पूर्ण गुण.

मुलाने ते वाकून वाचलं आणि खुंटीवरची बाजाराची पिशवी आईच्या हातात दिली.