खांदे किती उरले?

"खांदे किती उरले?"

गावाहून कोणी आलं की मुकादम हेच विचारीत. पाऊसपाणी नाही, घरची खुशाली नाही. आगबोटीतून उतरलेला माणूस वळकटीसकट लालबागच्या खोलीत शिरलेला असे, समुद्र अजून त्याच्या पोटात डुचमळत असे. आणि हे भिंतीला टेकून, उजव्या हाताने डावा खांदा चोळीत, उत्तराची वाट पाहत.

आमच्या गावाला गाडीवाट नव्हती. बंदरापासून घाटी चढायची. आजारी माणूस, अडलेली बाई, मीठ, गूळ, देवीची पालखी, सारं खांद्यावर. म्हणून मुकादमांची खानेसुमारीही खांद्यांची. बायकापोरं तिच्यात धरलेली नसत.

परळच्या एका गिरणीत त्यांच्या शब्दावर गावचे बरेच गडी लागले होते. मी शिकत असताना खोलीतला एक कोपरा त्यांनीच मला दिला. त्या कोपऱ्यामुळे मी बी.ए. झालो, गिरगावच्या शाळेत लागलो. हे उपकार मी विसरलेलो नाही. पण गोड शब्द म्हणाल तर एकही नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, देतात ते फेकल्यासारखं. पेढे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी माझ्या नव्या कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली. "एक खांदो कोटात गेलो," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि पेढे शेजारच्या खोलीत वाटून टाकले.

माझी थोरली बहीण बाळंतपणात अडली, तेव्हा ऐन लावणीत डोलीला माणसं मिळेनात. मिळाली तोवर उशीर झाला. ती घाटीवरच गेली. त्यानंतर मी गाडीवाटेसाठी सरकारात अर्ज लिहिला आणि गावकऱ्यांचे अंगठे घ्यायला खोलीवर गेलो.

मुकादमांनी अर्ज वाचून घेतला. "तुझी बहीण खांदे नव्हते म्हणान गेली रे. रस्तो नव्हतो म्हणान नाय."

माझं डोकं फिरलं. खांदे तर तुम्हीच इथे गिरणीत आणता, असं मी तोंडावर म्हटलं.

"आणतंय. आणि शिमग्याक परत धाडतंय. तुझो रस्तो धाडतलो?"

एकही अंगठा उठला नाही. मी त्या खोलीची पायरी चढायचं सोडलं.

मग गाठीच्या तापाची, प्लेगची, साथ आली आणि मुंबई ओस पडू लागली. मुकादमांनी आपल्या माणसांना एकेक करून गावी पाठवलं आणि शेवटच्या काही जणांबरोबर स्वतः निघाले. मीही त्याच आगबोटीवर होतो. घोंगडीतून त्यांनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बंदरावर त्यांना उभं राहवेना. साधा हिवताप होता, पण त्या दिवसांत ते कोण मानणार? त्यांनीच कामाला लावलेले गडी त्यांना दुरूनच पाहून घाटी चढून गेले. थांबले तिघे. डोलीला चौथा मिळेना, तेव्हा मी कोटासकट दांड्याखाली शिरलो.

चढणभर ते मला शिव्या देत होते. माझा पाय चुकत होता, डोली हिंदकळत होती. मीही गप्प बसलो नाही. म्हटलं, रस्ता असता तर आज गाडीत बसून गेला असतात.

"रस्तो असतो तर तू ह्या दांड्याखाली इलो असतस?"

खिंडीत डोली टेकवली. मुकादम कोपरावर उठले आणि बोट दाखवीत मोजू लागले. एक, दोन, तीन. माझ्यापाशी बोट थांबलं.

"आणि एक कोट," म्हणाले, आणि आडवे झाले.

शिमग्याआधीच ते गेले. गावातली भीती ओसरली नव्हती. तिरडीपाशी तेच तिघे आले. मी कोट खुंटीला अडकवून गेलो.

मसणवटीच्या उतारावर माझा पाय पुन्हा चुकला. या वेळी कोणी शिवी दिली नाही.