वायरलेस गुरुजींचा शेवटचा सेट

चालू यंत्राला हात लावायचा झाला की माझे सासरे आधी डावा हात पायजम्याच्या खिशात घालत. दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जातो, म्हणून. "एक हात कामाले, एक हात जीवाले," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या रिठद गावात त्यांना सगळे वायरलेस गुरुजी म्हणत. नोकरीभर विज्ञान शिकवलं आणि हॅम रेडिओचा रीतसर परवाना काढून घरच्या सेटवरून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारल्या.

मला मात्र विजेची धास्ती. माझा भाऊ माहेरी, इंझोरीला, विहिरीवरच्या मोटारीला चिकटून गेला होता. लग्न होऊन आले तेव्हा मी मिक्सरचं बटणसुद्धा लाटण्याने दाबायची. बाबांनी ते पाहिलं, पण हसले नाहीत. "भेव असू दे माय. भेव नसलेला मानूसच चिकटते," एवढंच म्हणाले.

पुढे त्यांना कंपवाताने गाठलं. हात थरथरू लागले, आवाज बसत चालला. नेमका त्याच सुमारास जुना सेट कायमचा बंद पडला. बाबांनी सुट्या भागांचा किट मागवला आणि सेट घरीच जोडायला बसले. आमचे हे भडकले. "बाबा, कप धरता येत नाही तुमाले, अन् आता कायले हे? घर पेटवून द्यान एखाद्या दिवशी!" बाबा मान खाली घालून तारा सोलत राहिले. आवाज पुरता जायच्या आत त्यांना एकदा हवेवर बोलायचं होतं, हे त्यांनी मला सांगितलं, मुलाला नाही.

जोडणी झाली. सेटला लागणारा वीजपुरवठ्याचा खोकाही त्यांनीच बांधला होता. तपासायची त्यांची रीत अशी, की पहिला करंट थेट द्यायचा नाही, मध्ये शंभराचा बल्ब जोडायचा. बल्ब मंद राहिला तर सगळं ठीक, भक्कन पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट. बाबांनी मला भिंतीपाशी उभं केलं, डावा हात खिशात घातला आणि बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला. त्यांनी लगेच बटण बंद करून पिन काढली.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि खोका उचलायला पुढे झाले. "हात नको लावू!" बसलेल्या आवाजाचा तो माणूस केवढ्याने ओरडला! मी हात मागे घेतला. "बंद झालं म्हनजे मेलं नाही. आत साठून राह्यते." त्यांनी दुसरा एक बल्ब घेऊन त्याच्या तारा आतल्या डब्यासारख्या कपॅसिटरला टेकवल्या. पिन काढलेल्या खोक्यावर तो बल्ब क्षणभर लख्ख उजळला आणि विझला. मला भाऊ आठवला.

भिंगाखाली चूक सापडली. डागताना, म्हणजे सोल्डर करताना, शिशाचा एक थेंब दोन टाक्यांच्या मध्ये सांडला होता. बाबा त्या थेंबाकडे बघत बसले. मग तापलेली डागणी स्टँडवर ठेवून म्हणाले, "हे माह्याच हातानं झालं. आता माह्यानं होत नाही." स्टँड माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तू करशीन?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. त्यांचे डोळे पाहिले आणि डागणी उचलली.

त्यानंतर बरेच दिवस दुपारी स्वयंपाकघर आवरलं की आम्ही दोघं त्या टेबलाशी बसायचो. मी एकेक टाका उसवून पुन्हा डागायची, ते मीटरचा काटा बघायचे. "घाई नाही. धूर एकदा बाहेर आला का परत भरता येत नाही," असं म्हणायचे. एका दुपारी पुन्हा बल्ब जोडला. या वेळी बटण मी दाबलं. बल्ब मंद लुकलुकला आणि सेटमधून खरखर आली. बाबा खुर्चीत मागे टेकले.

विजेच्या लाइनीपासून लांब, गच्चीपासून लिंबापर्यंत एरियलची तार ताणली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा माइक धरून बोलू लागले. परवाना त्यांचा, बोलायचं त्यांनीच. पहिली हाक गेली, उत्तर नाही. दुसरी गेली. आवाज चिरकत होता. आमचे हे दारात येऊन उभे राहिले होते. तिसऱ्या हाकेला खरखरीतून एक आवाज आला. केरळच्या किनाऱ्यावरचे एक निवृत्त फौजी. "आवाज धीमी है, लेकिन साफ है," ते म्हणाले. सेट कोणता, असं त्यांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घर का है. बहू ने बनाया."

पुढचा उन्हाळा लागेपर्यंत त्या दोघांचं बोलणं चाललं. मग बाबांचा आवाज गेला. ते नुसते ऐकत बसायचे. मी परवान्याची परीक्षा द्यावी म्हणून पाटीवर लिहून माझ्या मागे लागले. मी दिली. परवाना हातात पडला तेव्हा बाबा नव्हते.

सेट लावायला मला बराच काळ जमलं नाही. एका सकाळी लावला, परवान्यावर मिळालेली स्वतःची खूण सांगून हाक दिली. तेच फौजी उत्तराला आले. मी गुरुजींची सून, हे सांगताच आनंदून त्यांनी विचारलं, "गुरुजी कैसे हैं?"

बाबा गेले, हे गावाला, नात्यागोत्याला ह्यांनीच कळवलं होतं. ते वाक्य मी माझ्या तोंडाने अजून एकदाही उच्चारलं नव्हतं. मी माइकचं बटण दाबलं आणि सांगितलं.

तिकडून खरखर आली. मग ते म्हणाले, "बेटी, सेट बंद मत करना. मैं हूँ."