केटलच्या चढणीवरचा फोटो

सेप्टिमस हॅग ऊर्फ सेप हा माणूस अर्धवट आहे, याबद्दल गावात कुणाचंच दुमत नव्हतं. थंडी वाजते म्हणून चहाच्या किटलीवरचं लोकरी झाकण डोक्यावर चढवायचा. मोटरसायकलला ‘राणीसाहेब’ म्हणायचा आणि ती सुरू होईपर्यंत तिची मनधरणी करायचा. साइडकारमध्ये कोंबडी. का, तर वाटेत ताजं अंडं मिळावं म्हणून! पण या वेड्याला एका माणसानं आयुष्यभर डोक्यावर घेतलं होतं. तो म्हणजे गावचा लोहार, विल्फ बेल्डन.

त्याला कारणही तसंच होतं. १९०९ साली भर पावसात केटलच्या चढणीवर शर्यत झाली. तेव्हाच्या मोटरसायकलींना सायकलसारखी पॅडलं असायची. चाक फिरवणारा चामड्याचा पट्टा ओला झाला की घसरायचा आणि गाडी मान टाकायची. पण शर्यतीत पॅडल मारलं की स्वार बाद. आता एवढ्या चढणीवर पहारा कोण ठेवणार? म्हणून माथ्यावर उभा असलेला पंच प्रत्येकाला एवढंच विचारायचा, “पाय लावलास?” स्वार सांगेल ते खरं. विल्फ सर्वांत कमी वेळात वर पोचला होता, पण वळणाच्या बऱ्याच खाली त्यानं दोन पॅडलं मारली होती. कुणी पाहिलं नव्हतं, तरी त्यानं सांगून टाकलं. मागून आलेला सेप म्हणाला, “एकदाही नाही.”

चषक सेपला मिळाला आणि त्याच्या जोरावर मोटरसायकलच्या कारखान्यात नोकरीही. ओल्या रस्त्यावर जे सेपला जमलं ते आपल्याला जमलं नाही, असं विल्फनं मनाला लावून घेतलं. आपली गाडी त्यानं सेपला देऊन टाकली आणि बापाचा भाता धरला. पुढं पंचेचाळीस वर्षं गुत्त्यात बसून तो केटलची गोष्ट सांगत आला, प्रत्यक्ष सेपपेक्षाही रंगवून.

आणि आता शाळेच्या गार्थबाईंनी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडायचं काढलं. सेपनं बिस्किटांचा डबाभर फोटो दिले. कोण कुठला ते ओळखून चिठ्ठ्या लिहायचं काम अर्थातच विल्फकडे आलं. तो स्वयंपाकघरात बसून एकेक फोटो बघत होता. कोंबडीसकट सेप, खड्ड्यात पडलेला सेप, राणीसाहेबांना दंडवत घालणारा सेप. विल्फ एकटाच खो खो हसत होता.

तळाच्या फोटोत केटलचं वळण होतं. छातीवर अकरा नंबर लावलेला सेप सीटवरून उठून, दात आवळून पॅडलांवर उभा होता. मागं त्याच्या बहिणीच्या, बिचाऱ्या एडिथच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘सेपची दमछाक. वळणापासून वरपर्यंत पॅडल मारत गेला.’

चहा निवून गेला. चषक गेला खड्ड्यात; विल्फला त्याचं काही नव्हतं. पण पंचेचाळीस वर्षं आपल्याच तोंडानं याचं खोटं गावभर मिरवलं, आणि हा शेजारी बसून बिअर पीत ऐकत राहिला! “मेल्या, मला तरी सांगायचंस,” तो फोटोला म्हणाला. मग त्यानं फोटो खिशात घातला. एक संधी त्याला द्यायलाच हवी, असं त्याला वाटलं.

रविवारी दुपारी हॉल भरला. सेपचे गुडघे गेले होते, त्यामुळे नेहमीसारखं विल्फनंच त्याला आपल्या मोटारीतून आणून पहिल्या रांगेत बसवलं. गार्थबाई म्हणाल्या, “बेल्डन, होऊ द्या तुमची केटलची गोष्ट.”

“आज मी सांगणार नाही. नुसतं विचारतो,” विल्फ म्हणाला आणि सेपकडे वळला. “सेप, पाय लावलास?”

लोक हसले. त्यांना वाटलं, नवीन गंमत आहे. सेपनं डोक्यावरचं लोकरी झाकण नीट केलं. भिंतीवरचे फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघून घेतले.

“एकदाही नाही,” तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत विल्फ थांबला. मग खिशातून फोटो काढून त्यानं एडिथची ओळ मोठ्यानं वाचली आणि फोटो भिंतीवर टाचला. विल्फ टोपी घेऊन दाराकडे निघाला, तसा सेप कासावीस झाला.

“अरे विल्फ, मला घरी कोण सोडणार?”

“पाय आहेत ना तुला,” विल्फ म्हणाला. “लाव आता.”