सूड न घेणारे अकरा जण

सुहासिनीला चिडायला निमित्त लागत नाही, हे तांबट आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांनी तांब्याची भांडी ठोकणं थांबवलं, त्या वर्षी म्हणजे दोन हजार साली, तिने त्यांच्या दुकानात आठ कॉम्प्युटर मांडले. बाहेर पाटी इंटरनेटची आणि आत गोळीबाराचा गेम! आठही मशीन एकमेकांना जोडलेली, खेळायला एकच बंदिस्त रिंगण. सुरुवातीला सगळ्यांच्या हातात सारखीच फडतूस बंदूक. पुढचं हत्यार हवं तर दुसऱ्याच्या आधी धावत जाऊन उचलायचं. इथे वशिला चालत नसे. हरेल तो उठेल, असा सुहासिनीचा नियम होता. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की ती स्वतः खेळायला बसे, आणि तिला उठवणारा अख्ख्या कसब्यात कोणी नव्हता.

पुढे घरोघरी इंटरनेट आलं, हातोहाती मोबाईल आले आणि खुर्च्या रिकाम्या पडल्या. तरी ती रोज मशीन पुसायची. दादाचा, म्हणजे थोरल्या भावाचा, संयम दोन हजार सोळा साली संपला. मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण दुकान मागत होता.

"म्युझियम काढायचं असेल तर तसं सांग, तिकीट लावू," दादा म्हणाला. "नाहीतर आज मी त्याला हो म्हणतो."

"आज नाही. आज वाघोलीला जाऊन येते."

वाघोलीला शंभू होता. कॉलेजात असताना तिच्याकडे रोज हरायचा, आता त्याची गेम बनवणारी कंपनी होती. "ताई, अगदी तसाच गेम केलाय," तो फोनवर म्हणाला होता. "तो जमाना परत येतोय. पहिली स्पर्धा तुमच्याच दुकानात घेऊ."

खुर्ची मऊ होती, पडदा मोठा. रिंगणात तिच्याशिवाय अकरा जण, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव लिहिलेलं. पहिलं मिनिट बोटं अडखळली, मग त्यांना सगळं आठवलं. ती पहिली आली. बेचाळीस वर्षांची बाई भर ऑफिसात ओरडली, आणि तिथूनच दादाला फोन लावला. "दुकान द्यायचं नाही! गेम परत आलाय!"

दुसरा डावही तिनेच जिंकला. तिसऱ्यात मात्र तिला कसलीशी चीड येऊ लागली. रिंगणात मेलेला पुन्हा जिवंत होतो, आणि जिवंत झाला की आधी मारणाऱ्याला शोधत येतो. बाकीचं जग गेलं उडत. तिच्या दुकानात सूड घेतल्याशिवाय पोरं चहाला हात लावत नसत. इथे ज्याला तिने सहा वेळा लोळवला, तो तिच्या शेजारून सभ्यपणे निघून गेला.

"शंभू, ही माणसं कुठली?"

"ऑनलाइन आहेत, ताई."

"ऑनलाइन माणसाला राग येत नाही?"

शंभू चष्मा पुसू लागला. "कॉम्प्युटरच खेळतोय. नवा माणूस पहिल्यांदाच हरला की परत फिरकत नाही. म्हणून सुरुवातीला जिंकू देतो."

"मग त्यांना माणसांची नावं कशाला दिलीस?"

"नाहीतर जिंकल्यासारखं वाटत नाही."

सुहासिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शंभूचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. लहान मुलाला मुद्दाम जिंकू द्यावं तसं तिला जिंकू दिलं होतं, आणि ती खुळ्यासारखी आनंदाने ओरडली होती. भावाला फोनसुद्धा केला होता!

"खरी माणसं बसव समोर. आत्ता."

गेमची तपासणी करणाऱ्या सृष्टीला शंभूने बोलावलं. बावीस वर्षांची पोरगी, यवतमाळची. तिने सुहासिनीला असं काही बदडलं की विचारू नका. सुहासिनी दर वेळी दात खाऊन तिच्याच मागे धावली आणि दर वेळी तोंडावर आपटली. पंचवीस–चार.

"काकू, थांबायचं का?" सृष्टीने विचारलं.

"गप्प बस." मग ती शंभूकडे वळली. "ती खोटी माणसं काढून टाक. मग घेते तुझी स्पर्धा."

"नाही जमणार, ताई. लोक टिकत नाहीत."

"मी आत्ता हरले. गेले का उठून?"

"तुम्ही एकट्या आहात, ताई. मला लाखभर माणसं लागतात." शंभू हे मऊपणे म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर तिला जास्त झोंबलं.

तिने पुन्हा फोन लावला. "दादा, त्या कव्हरवाल्याला हो म्हणून टाक."

"अगं, मघाशी तर तू..."

"मघाशी मी मूर्ख होते. मशीन मात्र तू हलवायची नाहीस. ती मी काढेन."

तिने फोन ठेवला. शंभू काहीतरी समजूत घालू लागला, पण तिने त्याच्याकडे पाठ केली आणि खुर्ची पुढे ओढली.

"बघतेस काय?" ती सृष्टीवर खेकसली. "चालू कर."