वाऱ्यासमोर दोन सायकली

पंचफुला सायकल शिकली ती वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही हौसेनं नाही. नांदेडच्या रेल्वे क्वार्टरपासून तीन किलोमीटरवरच्या शाळेत तिला खिचडी शिजवायचं काम लागलं होतं. पायी जाण्यात निम्मी सकाळ जायची. लेक लुंबिनी नर्सिंगला पुण्याला गेली होती आणि तिची लेडीज सायकल भिंतीला टेकून धूळ खात होती. पंचफुलानं ती पुसली, दोनदा नालीत पडली, आणि पंधरा दिवसांत सायकलवरून कामाला जाऊ लागली. त्याला आता दहा वर्षं झाली होती.

नवरा रामकिशन रेल्वेत की-मॅन होता. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज रुळावरून चालायचं, रूळ पकडून ठेवणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकून बसवायची, असं बत्तीस वर्षं. मागच्या साली रिटायर झाला आणि त्याला घर खायला उठलं. सकाळी उठून तो नुसता रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राही. तिथून शहरातले डॉक्टर, वकील डोक्याला टोपडी घालून गियरच्या सायकलींवर लांब लांब जायचे. त्यांच्याकडं बघून बघून एक दिवस तो घरी येऊन म्हणाला, "औंदा आषाढी पौर्णिमेला औशाला सायकलवर जाऊ."

औशाजवळच्या खेड्यात पंचफुलाचं माहेर. तिथल्या विहारात त्या दिवसापासून वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू व्हायचं आणि दोघं दरवर्षी एसटीनं जायची.

"अवो, दीडशे किलोमीटर हाय."

"मी रोज सोळा चालत व्हतो. सायकलवर काय, बसूनच जायचं हाय."

लुंबिनी फोनवर लई ओरडली. पण नको म्हटलं तर हा माणूस एकटा निघेल, हे पंचफुलाला पक्कं ठाऊक होतं. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, कॅरेजला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि एकेक जोड कपडे बांधून दोघं उजाडताना निघाली.

लोह्याच्या वाटेला लागल्यावर वारा भेटला. पावसानं बारा दिवस ओढ दिली होती. ढग नुसते मावळतीकडून उगवतीकडं पळत होते, थेंब टाकायला कोणी थांबत नव्हतं. रस्ता रुंद करताना कडेची झाडं गेली होती. दोन्हीकडं काळं रान, त्यात चार बोटं वर आलेलं सोयाबीन. वाऱ्याला अडवायला म्हणून काही नव्हतं, आणि दोघांना जायचं होतं त्याच्याच तोंडावर.

रामकिशन पुढं. बावीस इंची जुनी सायकल, मान खाली, मागं वळून बघायचं नाव नाही. पंचफुलाला थोड्या वेळात एक गोष्ट उमगली. त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवलं की पायंडल हलकं होतं, आणि जरा मागं राहिलं की छातीवर कोणी हात ठेवून ढकलल्यासारखं होतं. मग तिनं ते अंतर सोडलं नाही. दिवसभर तिला त्याच्या पाठीवरचा घामानं काळा झालेला सदरा दिसत राहिला, दुसरं काही नाही.

दिवस मावळताना अहमदपूरला त्याच्या जुन्या सोबत्याच्या घरी पोचली.

"आरामात आलो," रामकिशन सोबत्याला म्हणाला. पण खाली बसताना त्यानं दोन्ही हातांनी भिंत धरली. पंचफुलानं ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शिरूर ताजबंद गाठेपर्यंतच ऊन डोक्यावर आलं. त्याच्या पुढच्या चढणीला रामकिशन खाली उतरला. "चैन बघतो जरा," म्हणाला. चैन बघितली, चढला, फर्लांगभर गेला, पुन्हा उतरला. पुन्हा चैन. तिसऱ्यांदा तो उतरला तेव्हा पंचफुलानंही सायकल लावली आणि रस्त्याच्या कडेला मुरमावर बसली.

"चैनला काही झालेलं न्हाई," ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"चैनमधलं न्हाई कळत. तुमच्यातलं कळतं. मांड्या भरून आल्यात."

रामकिशन सायकल तशीच हातात धरून उभा राहिला. वाऱ्यानं त्याचा सदरा फुगत होता आणि त्यात तो एकाएकी लई बारीक दिसला. शेवटी सायकल आडवी टाकून तिच्या शेजारी बसला आणि दोन्ही हातांनी मांड्या चेपू लागला.

"माघारी जायचं का?" त्यानं विचारलं. विचारताना तिच्याकडं पाहिलं नाही.

पंचफुलाला हो म्हणावंसं वाटलं. तिच्याही गुडघ्यात कळा येत होत्या, ओठ फुटले होते, डोळ्यांत धूळ जाऊन जाऊन पाणी सुकलं होतं. पण माघारी गेल्यावर हा माणूस घरात कसा बसून राहील, तेही तिला दिसत होतं.

"मी पुढं व्हते," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या मागच्या चाकाला लागून या. हातभर मागं. जास्ती न्हाई."

"त्यानं काय होतंय?"

"काल दिवसभर मी तेच करत व्हते. या तर."

ती पुढं झाली आणि पहिल्या शंभर पावलांतच तिला कालचा दिवस कळला. कानात नुसता घोंगाट, तोंडात माती, आणि पाय थांबला की सायकल जागच्या जागी उभी. हे सगळं त्यानं सत्तर किलोमीटर अंगावर घेतलं होतं आणि चकार शब्द काढला नव्हता. तिला त्याची कीव आली आणि रागही आला. सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? मग वाटलं, आपण तरी कधी काय सांगितलं?

"बरं हाय का?" तिनं न वळता ओरडून विचारलं.

"हाव," मागून आवाज आला. "हलकं लागतंय."

वारा उजव्या अंगानं यायचा म्हणून ती उजवीकडं कलून चालवत होती. चाकूर पाच-सहा किलोमीटर राहिलं असेल, तेव्हा एक मोठा ट्रक शेजारून गेला. त्याच्या आडोशानं वारा एकदम थांबला, सायकल ट्रकाकडं ओढली गेली, आणि ट्रक पुढं सरकताच वाऱ्यानं अशी थप्पड मारली की पंचफुला डावीकडं मुरमात जाऊन पडली. कोपर सोलून निघालं. रामकिशन सायकल टाकून धावला.

"मी पुढं असतो तर—"

"तर तुम्ही पडले असते," ती म्हणाली. "आता धरा मला."

पुढं सायकली हातात धरून दोघं चालत गेली. चाकूरच्या अलीकडं महादेवप्पाचं चहाचं हॉटेल होतं. म्हाताऱ्यानं काही न विचारता बाकडं पुढं केलं. त्याची बायको उमाबाई आतून हळद घेऊन आली आणि कोपराला लावता लावता म्हणाली, "या वयात ही कसली हौस म्हणावी?"

"हौस न्हाई, बाई," पंचफुला म्हणाली. "निघालो व्हतो, म्हणून चाललो."

उमाबाईनं भाकरी आणि पिठलं वाढलं, ओसरीवर सतरंजी टाकली. दिवस मावळायच्या आत दोघंही मेल्यासारखी झोपली.

तिसऱ्या दिवशी ती पाळीपाळीनं पुढं झाली. पाळी कधी बदलायची हे कोणी बोललं नाही. पुढचा थकला की नुसता जरा कडेला व्हायचा. दुपारी लातूर आलं. औसा अजून वीस किलोमीटर, आणि वारा होता तसाच. बाजार समितीजवळ एक छोटा हत्ती टेम्पो औशाकडं रिकामा निघाला होता. रामकिशननं त्याच्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"टाका सायकली त्यात," पंचफुला म्हणाली. तिला त्यात काही कमीपणा वाटला नाही.

माहेरी तिचा धाकटा भाऊ भुजंग विहाराच्या दारातच उभा होता. "दाजी, खरंच सायकलवर आले?"

सगळे जवळ आले. रामकिशन आता फुगवून सांगणार, असं पंचफुलाला वाटलं. रुळावरच्या गोष्टी तो नेहमी फुगवूनच सांगायचा.

"लातूरपासून टेम्पोत आलो," तो म्हणाला. "आणि शिरूरच्या चढणीवर मी बसलो व्हतो. तुझ्या आक्कानं ओढत आणलं."

बायका पंचफुलाकडं बघू लागल्या. ती आत जाऊन भिंतीला टेकून बसली. ग्रंथवाचन सुरू झालं, आणि पहिलं पान संपायच्या आत तिचा डोळा लागला. कोणी उठवलं नाही.

परतताना वारा पाठीवर राहील, सायकली नुसत्या पळतील, असं भुजंगनं सांगून पाहिलं. पण पंचफुलाच्या गुडघ्यांची सूज उतरली नव्हती. सायकली त्याच्या गोठ्यात ठेवून आठ दिवसांनी दोघं एसटीत बसली. रामकिशन चाकूरच्या आधीच झोपला. पंचफुला मात्र खिडकीला डोकं लावून, दोघं मुरमावर बसली होती ती चढण शोधत होती. गाडी शिरूर ताजबंदच्या स्टँडवर जाऊन थांबली तेव्हा तिला कळलं, की चढण मागंच गेली, गाडीतून ती जाणवलीही नव्हती.

"काय शोधून राहिली?" जागा होत रामकिशननं विचारलं.

"काही न्हाई," ती म्हणाली. "झोपा तुम्ही."