सोडतीत लागलेली रायफल

डेलच्या नावानं तिकीट मी काढलं, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या गावचं अग्निशमन दल दरवर्षी बंबाच्या खर्चासाठी बंदुकांची सोडत काढतं, आणि मला जन्मात साधा टोस्टरसुद्धा लागलेला नाही. आमच्या खोक्यांच्या कारखान्यातून डेल हॉफरला काढलं तेव्हा त्याचं तोंड बघवेना, म्हणून आपली एक गंमत केली. त्याला रायफल लागली.

जाताना गेटवर तो म्हणाला होता, "एकेकाला बघून घेतो." तेव्हा आम्ही हसलो होतो. आता पॅकिंगमधली सगळी दाराकडे तोंड करून काम करू लागली, आणि माझं टेबल नेमकं दाराशी.

बक्षिसं मिळायची लोरेटा कुन्केलच्या बंदुकांच्या दुकानात. लोरेटाकाकू म्हणजे गावाची अर्धी आई. काडतुसांच्या शेजारी घरचा सफरचंदाचा जॅम विकणार, आणि बंदूक दाखवण्याआधी गिऱ्हाइकाला स्वेटरची बटणं लावायला लावणार. डेलला रायफल देऊ नका, हे त्यांना सांगायला मी धावत गेलो, तर मागोमाग डेल हजर! मी टोप्यांच्या मांडणीआड. शिरताना धक्का लागून टोप्या डोलू लागल्या.

"काकू, माझी रायफल."

"हरणांच्या मोसमाला अजून अवकाश आहे, बाळा."

"आजच हवी. बंदूक घेणाऱ्याच्या सरकारी तपासणीत पास झालोय ना मी?"

"झालायस."

"मग?"

"तपासणीनं तुझं तोंड नाही बघितलं. मी बघतेय. मिळणार नाही."

पूर्वी एकदा काकूंनी असाच पास झालेल्या एकाला हसतहसत पिस्तूल विकलं होतं. तो ते घेऊन थेट, त्याला काढून टाकलेल्या कारखान्यात गोळ्या झाडायला गेला. तेव्हापासून त्या आधी तोंड बघतात.

डेलनं दोन्ही मुठी काउंटरवर टेकल्या. मग टोप्यांकडे वळला.

"रसेल, बूट दिसतायत तुझे. तिकिटाबद्दल थँक्यू म्हणायचं होतं."

तो दार आपटून गेला. त्याची गाडी लांब जाईपर्यंत मी मांडणी धरून उभा. काकू त्याच्या बहिणीला फोन लावत होत्या.

"सुटलो बुवा, काकू!"

"सुटलास कसला? पुढच्या वळणावरचं बंदुकांचं दुकान अजून उघडं आहे."